मापन-आलेख किट: आधी २ स्टार दिलेले, आता ४ का केले ते सांगते

आधी कबूल करून टाकते. ह्या किटला मी ऑगस्टमध्ये २ स्टार दिलेले आणि वर तावातावाने लिहिलेलं की सहापैकी पाच थर्मामीटर चुकीचे आहेत, कोणी घेऊ नका, पैसे पाण्यात. तो रिव्ह्यू आता काढलाय. चूक थर्मामीटरची नव्हती, माझी होती, आणि ती मला सातवीतल्या एका पोराने दाखवली. ते खाली सविस्तर येईलच, पण म्हटलं आधीच सांगावं, नाहीतर ज्यांनी जुना वाचलाय ते म्हणतील ह्या बाईंना कंपनीने फुकट काहीतरी दिलं. काही दिलेलं नाही. एक थर्मामीटर बदलून दिला तेवढंच.

मी देवगड तालुक्यात, खाडीच्या तोंडाशी असलेल्या एका शाळेत सहावी ते आठवीला विज्ञान शिकवते. प्रयोगशाळा म्हणजे एक खोली, दोन लोखंडी कपाटं, त्यातलं एक पावसाळ्यात फुगतं की गंजतं देव जाणे पण उघडत नाही. किट घ्यायचं डोक्यात आलं ते गेल्या वर्षीच्या परीक्षेनंतर. आठवीच्या पेपरात आलेखाचा एक प्रश्न होता, अगदी साधा, वेळ आणि तापमान दिलेलं, आलेख काढा. अर्ध्या वर्गाने एक्स अक्षावर ०, २, ५, १०, १५ असे आकडे सारख्याच अंतरावर लिहिले. म्हणजे ० ते २ ला एक घर आणि १० ते १५ लाही एकच घर. आणि वर आलेखाला नाव, अक्षांना एकक, सगळं छान, कारण त्याचे मार्क असतात हे त्यांना पाठ. म्हणजे आलेख हे चित्र म्हणून पाठ आहे, त्यात नक्की काय चाललंय ते पोचलेलंच नाही. दोष कोणाचा? माझाच, मी दरवर्षी फळ्यावर तक्ता लिहून द्यायचे आणि पोरं तो उतरवून टिंबं मांडायची, स्वतः काही मोजलेलंच नसायचं.

तर किट मागवलं. ४,८५० रुपये, थोडे शाळेच्या फंडातून आणि थोडे माझ्या पर्समधून (घरी सांगितलेलं नाही). कुरिअरवाला आमच्या गावात येत नाही, तो तालुक्यावरून फोन करतो की बाई तुमचा बॉक्स आलाय घेऊन जा, मग शिपाईमामांनी एसटीत मांडीवर घेऊन आणला. पॅकिंग चांगलं होतं, काही फुटलं नाही आणि आमच्या रस्त्याला हे कौतुकच म्हणायचं.

आत काय आहे: ३० सेमीच्या दहा पट्ट्या, दोन मोजटेप, १०० मिलीची प्लास्टिकची चार मोजपात्रं, सहा थर्मामीटर (लाल अल्कोहोलचे, पाऱ्याचे नाहीत, हे बरं केलं), चार ताणकाटे, ५०० ग्रॅमपर्यंतचा एक छोटा डिजिटल काटा, दोन स्टॉपवॉच, एक पर्जन्यमापक, पाच लॅमिनेट केलेल्या आलेख पाट्या पेनांसकट, आणि एक "कृतिपुस्तिका". पुस्तिकेबद्दल बोलायलाच हवं पण शेवटी बोलते, नाहीतर सगळा रिव्ह्यू त्यातच जाईल.

पट्ट्या. पट्टीत काय रिव्ह्यू करायचा असं वाटेल. पण ह्या पट्ट्यांवर शून्याची रेघ कडेपासून चार-पाच मिलिमीटर आत आहे, आणि पोरांकडच्या दुकानातल्या काही पट्ट्या अशा की शून्य कडेलाच. पहिल्याच दिवशी मी सगळ्यांना एकच कंपासपेटी मोजायला लावली, सहावीच्या वर्गात, आणि उत्तरं आली साडेसोळा, सोळा, सोळा पॉइंट एक, एकाचं तर साडेसतरा. सोळा आणि साडेसोळा असे दोन गटच पडले आणि भांडायला लागले. मी काहीच बोलले नाही. पाच मिनिटांनी मागच्या बाकावरची एक मुलगी उठली आणि म्हणाली बाईनू, ह्येंची पट्टी कडेसून धरलेली आसा. बास, "शून्याची त्रुटी" हा शब्द मला फळ्यावर लिहायलाही लागला नाही. साडेसतरावाला कोण होता विचाराल तर त्याची पट्टी घरी कुत्र्याने चावलेली, तो एकपासून सुरुवात करून शेवटी एक वजा करायला विसरत होता. पट्ट्यांना पूर्ण मार्क, चांगल्या आहेत म्हणून नाही, मुलांच्या पट्ट्यांपेक्षा वेगळ्या आहेत म्हणून.

मोजपात्रं प्लास्टिकची असल्यामुळे पडली तरी फुटत नाहीत, आमच्याकडे आतापर्यंत सात-आठ वेळा पडलीत. पण एक गोष्ट जाहिरातीत कोणी सांगत नाही. पुस्तकात चित्र असतं ना, पाण्याची पातळी मध्ये खोलगट आणि वाचन तळाच्या वक्रावरून घ्यायचं, तर प्लास्टिकच्या मोजपात्रात पाणी जवळपास सपाटच दिसतं. काचेला पाणी चिकटतं म्हणून कडेने वर चढतं, ह्या प्लास्टिकला तसं चिकटत नाही. पोरं म्हणतात बाई खोलगट कुठाय, आणि मी आपली चित्र दाखवतेय. मग कपाटातून (उघडणाऱ्या) जुनं काचेचं एक मोजपात्र काढलं, दोन्हीत पाणी घातलं, तरी मागच्यांना दिसेना, तेव्हा स्टाफरूममधून कोकमाचं आगळ आणलं आणि चार थेंब टाकले. लालभडक पाणी, काचेत वाटीसारखं आणि प्लास्टिकमध्ये सपाट, शेजारी शेजारी. हे मी आता दरवर्षी करणार. डोळा पातळीच्या रेषेत आणायला पोरांना खाली वाकावंच लागतं, वरून बघणाऱ्याला एक-दोन मिली जास्त दिसतं आणि टेबलाखालून मान वर करणाऱ्याला कमी, हे तर त्यांनी आपापसातच पकडलं.

ह्याच मोजपात्रात सगळ्यात मजा आली ती जांभ्याच्या खड्याची. विस्थापनाने घनफळ काढायचं, ५० मिली पाणी, खडा टाका, पातळी किती वाढली बघा, सोपं. किटबरोबर त्यासाठी धातूचा एक ठोकळा येतो पण ठोकळ्याचं घनफळ पट्टीनेही निघतं, म्हणून मी म्हटलं मैदानातून दगड आणा. आमच्याकडे मैदानात दगड म्हणजे जांभाच. दोरा बांधून सोडला, वाचन आलं ६२. वहीत लिहीपर्यंत ६१. परत बघितलं, खड्यातून बारीक बारीक बुडबुडे येतायत, तोंडाला फेस आल्यासारखे, आणि पातळी उतरतेय. १० मिनिटांनी ६०. "बाईनू, दगड पाणी पिता हा!" आता ह्याचं घनफळ किती, १२ की १०? खड्याच्या भोकांमधली हवा धरायची की नाही? मला स्वतःला दोन मिनिटं विचार करावा लागला. शेवटी ठरलं की दोन्ही आकडे लिहायचे, शेजारी मिनिटं लिहायची, आणि मग कोणीतरी म्हणालं की बाई ह्याचाच आलेख काढूया ना, वेळ आणि पातळी. मी सांगितलं नव्हतं! सातवीतल्या पोराने आपणहून आलेख मागितला हे माझ्या नोकरीत पहिल्यांदा घडलं. काळ्या दगडाचा तुकडा टाकला तर आकडा तिथेच ठाण मांडून बसतो, तोही त्याच पाटीवर मांडला, आडवी सरळ रेघ. जांभ्याची रेघ आधी उतरत जाते आणि मग आडवी होते.

डिजिटल काटा बरा आहे, ०.१ ग्रॅमपर्यंत दाखवतो. विहिरीचं १०० मिली पाणी १०० ग्रॅमच्या आसपास आणि समुद्राचं १०० मिली अडीचेक ग्रॅम जास्त, हा फरक त्याच्यावर स्पष्ट दिसतो, म्हणून मला तो आवडला. पंख्याखाली ठेवला तर शेवटचा आकडा नाचत राहतो. आणि पोरं आकडा लिहून घेईपर्यंत तो स्वतःच बंद पडतो, बॅटरी वाचवायला म्हणे. ह्याचा जाम वैताग आहे.

ताणकाट्यांना मात्र शून्य. म्हणजे अक्षरशः, शून्यावर येतच नाहीत. जूनमध्ये आले तेव्हा ठीक होते, गणपतीपर्यंत चारातल्या तिघांच्या स्प्रिंगवर तांबूस गंज, एक तर रिकामा टांगला तरी १० ग्रॅम दाखवतो. खाऱ्या हवेत लोखंड ठेवल्यावर हेच होणार, मान्य, पण किनारपट्टीच्या शाळांना विकताना निदान स्प्रिंगला नीट मुलामा तरी द्या. आता डब्यात तांदूळ घालून त्यात ठेवते. १० ग्रॅमवाला मी मुद्दाम टाकून दिला नाही, "आधी रिकामा बघा मग वजा करा" शिकवायला तो बरा पडतो.

पर्जन्यमापक कोकणासाठी नाहीये. १०० मिमीपर्यंतच खुणा. हवामान खातं २४ तासांत ६४.५ मिमीच्या वर गेलं की जोरदार पाऊस म्हणतं, ११५.६ पासून अतिजोरदार, आणि २०४.४ च्या वर अत्यंत जोरदार, ह्या सगळ्या पायऱ्या आम्ही जुलैत बघतो. दोन वेळा सकाळी साडेआठला (खात्याची वेळ तीच) जाऊन बघितलं तर नळी काठोकाठ भरून वाहिलेली. आलेखात त्या दिवसाचा स्तंभ किती उंच काढायचा? पोरांनी कागदाच्या वरच्या टोकापर्यंत नेऊन बाण काढला आणि "ह्याच्या पुढे माहीत नाही" असं लिहिलं, मला ते फार आवडलं. नंतर आम्ही सरळ भिंतींचा उंच प्लास्टिकचा डबा गच्चीवर ठेवला, आत पट्टी चिकटवली, माडाच्या झावळीखाली नाही एवढं बघितलं, झालं. डबा तोंडापासून तळापर्यंत सारखाच रुंद असेल तर तोंड केवढंही असो, मिलिमीटर तेच येतात, ह्यावर गणिताच्या सरांनी अख्खा तास घेतला.

आता थर्मामीटर, ज्याच्यासाठी मी तोंडावर पडले.

नवीन थर्मामीटर आले की आधी तपासायचे, वितळत्या बर्फात ० आणि उकळत्या पाण्यात १००. दुसरी तपासणी आमच्याकडे छान होते, शाळा समुद्रसपाटीलाच आहे, डोंगरावरच्या शाळांमध्ये पाणी थोडं आधीच उकळतं. पण बर्फ कुठून आणायचा? शाळेत फ्रिज नाही. १ ऑगस्टला मासेमारीबंदी उठली, बंदरात बोटींची लगबग, बर्फाच्या गाड्या, तर सातवीतल्या एकाला म्हटलं तुझ्या बाबांकडून जरासा बर्फ आण. तो डबाभर घेऊन आला, अर्धा वितळलेला. सहाही थर्मामीटर त्यात घातले, ढवळलं, तीन मिनिटं थांबलो. पाच थर्मामीटर उणे १ आणि एक बरोब्बर शून्य.

मी काय निष्कर्ष काढला असेल? बर्फ म्हणजे शून्य, हे लहानपणापासून डोक्यात बसलेलं. तेव्हा शून्यवाला खरा आणि पाच खोटे. पोरांसमोर जाहीर केलं, बघा किती हलका माल पाठवलाय, आणि त्याच रात्री २ स्टार, शिवाय विक्रेत्याला फोटोसकट तक्रार. दुसऱ्या दिवशी विक्रेत्याकडून फोन आला, बाई बर्फ कुठला होता? मला रागच आला, बर्फ कुठला म्हणजे काय, बर्फासारखा बर्फ!

तास सुरू झाल्यावर बर्फ आणणारा पोरगा हळूच टेबलापाशी आला. "बाईनू, तो बरफ खारो होतो. मियां चाटून बघलंय." बोटीवरच्या पेटीतला होता तो, ज्यात समुद्राचं पाणी गेलेलं, मासळी धुतलेली. आणि खारं पाणी मिसळलं की बर्फ शून्याच्या खाली जातो, समुद्राचं पाणी स्वतः गोठतं तेच उणे २ च्या जवळपास. हे मी शिकवते! आठ वर्षं शिकवते, आइस्क्रीमच्या पॉटात मीठ का घालतात म्हणून प्रश्नही विचारते. (त्याला बर्फ चाटल्याबद्दल आधी ओरडले आणि मग शाबासकी दिली, त्याला बिचाऱ्याला कळेना नक्की काय झालं.)

परत, ह्या वेळी शिपाईमामांच्या घरच्या फ्रिजमधला, विहिरीच्या पाण्याचा बर्फ. पाच थर्मामीटर शून्यावर. आणि तो एक, ज्याला मी खरा म्हटलेलं, अधिक १ वर. तो सगळीकडेच एक अंश जास्त दाखवतो, उकळत्या पाण्यातही १०१. म्हणजे सहातला एक चुकीचा होता आणि मी त्यालाच हाताशी धरून बाकीच्या पाचांना खोटं ठरवत होते. विक्रेत्याला फोन करून माफी मागितली, त्यांनी हसून तो एक बदलून पाठवला, जुना परत मागितला नाही. तो जुना आम्ही ठेवलाय, त्याला लाल सुतळी बांधलीय. कोणत्याही प्रयोगात एका गटाला न सांगता तोच देते आणि बघते की ते दुसऱ्या गटाशी पडताळतात की नाही. आता पडताळतात.

चहा थंड होण्याचा प्रयोग ह्याच थर्मामीटरने केला, दर दोन मिनिटांनी वाचन. सुरुवातीला भराभर उतरतं आणि मग खोलीच्या तापमानाकडे जाताना रेंगाळतं, तिरकी रेघ नाही तर वाकलेली. अर्ध्या वर्गाने टिंबं पट्टीने जोडून दातेरी करवत केली, अर्ध्यांनी पहिलं आणि शेवटचं टिंब जोडून मधली सोडून दिली. दोन्ही चूक का, हे समजवायला वेळ लागला, पण स्वतः घाम गाळून घेतलेलं वाचन रेघेच्या बाहेर राहिलं की पोरांना जीव तुटल्यासारखं होतं, त्यामुळे वाद जिवंत होता. फळ्यावरच्या तक्त्यातलं टिंब बाहेर राहिलं तर कोणाला काय.

स्टॉपवॉच दोन्ही झकास. सेकंदाचा शंभरावा भाग दाखवतात आणि पोरं लगेच १४.२३ असं लिहितात जसं काही बोटाला तेवढी अक्कल आहे. लंबकाला बोटभर जाडीची सुतळी नको म्हणून जाळ्याचा नायलॉन आणि जाळ्याला लावतात ती शिशाची गोळी (हात धुवायला लावले, शिसं आहे). दहा आंदोलनांचा वेळ घ्यायचा आणि दहाने भागायचं, म्हणजे बोटाचा उशीरही दहाने भागला जातो. आठवीच्या एका गटाचे आकडे माझ्या वहीत आहेत, दहा आंदोलनांना २५ सेमीला १०.२ सेकंद, ५० ला १४.१, ७५ ला १७.६ आणि १ मीटरला २०.०. लांबी आणि वेळ मांडलं तर वाकडी रेघ. मग म्हटलं एका आंदोलनाच्या वेळेचा वर्ग करून मांडा: १.०४, १.९९, ३.१०, ४.००. टिंबं अशी ओळीत उभी राहिली की वर्गात एकदम शांतता. लांबी चौपट केली की वेळ दुप्पट, हे मी सांगायच्या आधी त्यांना कागदावर दिसलं.

आलेख पाट्यांबद्दल मिश्र मत. पुसून परत काढता येतं म्हणून पोरं चुकायला घाबरत नाहीत, हा मोठा फायदा. (पेन दोन दिवस राहिलं तर पुसत नाही, कोरोनातलं सॅनिटायझर कपाटात पडून होतं ते कामाला आलं.) पण पाटीवर दोन्ही अक्षांना ० ते १० आकडे आधीच छापलेत! अहो, आकडे कुठून कुठे आणि एका घराला किती हे ठरवणं म्हणजेच तर अर्धा आलेख. तेच तुम्ही छापून दिलंत तर पोरगं शिकणार काय? २८ ते ९० तापमान ० ते १० मध्ये कसं बसवणार? आम्ही पाट्या उलट्या केल्या, मागची बाजू कोरी आहे, तिथे पट्टीने घरं आखून घेतली. मागची बाजूच जास्त उपयोगाची निघाली.

भरतीचं सांगितलं नाही तर माझे विद्यार्थी मला माफ करणार नाहीत. कोजागरीच्या दिवशी जेटीच्या खांबाशेजारी आम्ही एक बांबू घट्ट बांधला, किटमधल्या टेपने दर १० सेमीला लाल रंगाची रेघ मारून. सकाळी अकराच्या सुमाराला भरती पुरी झाली आणि तिथून संध्याकाळी पाचपर्यंत दर अर्ध्या तासाने वाचन, पाळ्या लावून, टोप्या घालून, दोन पालक सोबत. लाटेमुळे पाणी वरखाली होतं, म्हणून लाटेचा माथा आणि खळगा दोन्ही वाचून मधला आकडा घ्यायचा, हेही त्यांनीच ठरवलं. उधाण होतं, सगळं मिळून दोन मीटरच्या जरा वर उतरलं पाणी. पण सारखं नाही उतरलं. पहिल्या तासात वीसेक सेंटिमीटर, तिसऱ्या-चौथ्या तासात पन्नासेक, शेवटच्या तासात परत रेंगाळलं. कागदावर मांडल्यावर डोंगरउतारासारखी रेघ, वर गोल, मध्ये खडी, खाली परत गोल. बोटवाल्यांकडे ह्याचा ठोकताळा आहे, सहा तासांत बारा भाग, १, २, ३, ३, २, १, आणि आमची रेघ त्याच्याशी जवळपास जुळली.

तिथे एका मुलाचे आजोबा जाळं विणत बसलेले. त्यांनी विचारलं काय चाललंय, आणि म्हणाले त्याला एवढे खटाटोप कशाला, "तिथीची पावणपट कर, भरतीची वेळ गावली." म्हणजे चतुर्थीला तीन, अष्टमीला सहा, पौर्णिमेला सव्वाअकरा. दुसऱ्या दिवशी मी हे वर्गात नेलं: एक्स अक्षावर तिथी, वाय अक्षावर वाजलेले, सरळ रेघ, एका तिथीला पाऊण तास चढ. त्यावर बंदरात वापरतात त्या भरतीच्या वेळापत्रकातल्या पंधरा दिवसांच्या आमच्या वेळा वेगळ्या रंगाने मांडल्या. पौर्णिमेकडचं टोक आजोबांच्या रेघेच्या खाली राहिलं, कारण भरती दक्षिणेकडून वर सरकत जाते आणि आमच्याकडे मुंबईच्या आधी येते, हा ठोकताळा मुंबईकडे जास्त जुळतो. आणि अष्टमी-नवमीच्या आसपास, भांगाच्या दिवसांत (उधाणाच्या उलट, पाणी कमी चढतं-उतरतं तेव्हा), आमची टिंबं जास्त तिरकी चढली, तिथे भरती रोज तासाच्याही वर उशिरा येत होती. सरासरी ५० मिनिटं. आजोबांना आलेख नेऊन दाखवला तर ते म्हणाले भांगाक तसाच होता, ता काय कागदार बघूक होया?

आणि आता ती पुस्तिका.

मराठीत आहे असं जाहिरातीत ठळक लिहिलेलं. आहे, पण कुठल्यातरी मशीनने केलेलं मराठी. कृती क्रमांक ३, जसंच्या तसं उतरवते: "खालील मेजावरून भूखंड काढा. योग्य खवले निवडा." मी तीनदा वाचलं. मेज म्हणजे टेबल, म्हणजे तक्ता. भूखंड म्हणजे प्लॉट. आणि खवले म्हणजे स्केल! आलेखाचं प्रमाण! मासेमारांच्या पोरांना योग्य खवले निवडायला सांगताय! वर्गात वाचून दाखवलं तर दहा मिनिटं कोणी थांबायला तयार नाही. आजही आलेख तपासताना मी प्रमाण कुठाय म्हटलं की मागून आवाज येतो, बाईनू, खवले काढूचे ऱ्हवले.

भाषा एक वेळ हसून सोडली असती. पण आतले तक्ते सगळे तयार. कुठल्यातरी परक्या शहराचं बर्फ पडण्याचं मोजमाप, फॅरनहाइटमध्ये तापमान, आणि थंड होणाऱ्या पाण्याचे आकडे असे की अगदी सरळ रेघ येते, जी खऱ्या कपात कधीच येत नाही. पोराने मोजायचंच नाही, फक्त टिंबं मांडायची. मग हे काटे, मोजपात्रं, थर्मामीटर बॉक्समध्ये घातलेत कशाला? हे म्हणजे गळ, दोरी, आमिष सगळं द्यायचं आणि सोबत तळलेला बांगडा पाठवायचा. एक स्टार गेला तो ह्याचाच.

मी विक्रेत्याला पुस्तिकेतल्या चुका लिहून पाठवल्यात, चौदा पानं झाली. ते म्हणाले पुढच्या छपाईत बघतो. तोपर्यंत घेणार असाल तर पुस्तिका बाजूला ठेवा, पाट्या उलट्या करा, ताणकाटे तांदळात ठेवा. आणि मागवायचं तर गणपतीच्या आधी निदान तीन आठवडे मागवा, नंतर कुरिअरवाला फोन उचलत नाही. थर्मामीटर आले की आधी बर्फात तपासा. बर्फ घरचा घ्या.